इंटिरियर आणि बिल्डिंगच्या फोटोंसाठी वाइड लेन्स घ्यायचीय, नक्की किती वाइड?

उंबरठा

नमस्कार मंडळी. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते, ड्रॉइंग्ज आणि साइट दोन्ही बघते, आणि गेल्या वर्षभरात पूर्ण झालेल्या कामांचे फोटो काढायचं काम हळूहळू माझ्याकडेच आलंय कारण चांगला कॅमेरा असलेली मी एकटीच आहे. कॅमेरा कॅनॉनचा ८०डी आणि त्यावर १८-५५ मिमीची लेन्स (आकडा जितका लहान तितकी लेन्स वाइड). बाहेरून बिल्डिंग काढायची असेल तर मागे मागे जाऊन कसंतरी जमवते, पण आत गेलं की पंचाईत. परवा एका फ्लॅटचं शूट होतं, त्यातली एक बेडरूम ३ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब, डाव्या भिंतीला वॉर्डरोब आणि उजव्या भिंतीला खिडकी. मागच्या भिंतीला पाठ टेकवून उभी राहिले तरी १८ वर वॉर्डरोब धरला की खिडकी जाते आणि खिडकी धरली की वॉर्डरोब जातो. बाथरूममध्ये तर बेसिन आणि अर्धा आरसा, बस.

मग एका ओळखीच्यांकडून १० मिमीपर्यंत जाणारी लेन्स एका दिवसासाठी मागून आणली. साइटवर कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर बघताना इतका आनंद झाला की काय सांगू, अख्खी खोली फ्रेममध्ये! घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले आणि जीव खाली पडला. दोन्ही बाजूच्या भिंती वरून बाहेर फाकलेल्या आणि खाली निमुळत्या, टोपलीसारख्या. कोपऱ्यात टांगलेला गोल दिवा अंड्यासारखा झालेला. आणि पलंगाची जवळची कड एवढी लांब की तो पलंग त्या खोलीत मावतो यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. सरांनी बघितलं आणि शांतपणे एवढंच म्हणाले की ही खोली आपण डिझाइन केलेली नाही. ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, कारण त्या खोलीचं प्रत्येक माप मी स्वतः काढलं होतं.

आता स्वतःची लेन्स घ्यायचीय. कॅनॉनची १०-१८, कॅनॉनचीच जुनी १०-२२ आणि टोकिनाची ११-१६ एफ/२.८ अशा तीन डोक्यात आहेत. काही जण म्हणतात एपीएस-सीवर, म्हणजे माझ्या ८०डीसारख्या लहान सेन्सरवर, पैसे घालू नको, फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमीच्या मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घे आणि १६-३५ लाव. एक जण म्हणाला टिल्ट-शिफ्टशिवाय, म्हणजे सरकवता-वाकवता येणाऱ्या लेन्सशिवाय, आर्किटेक्चर होतच नाही. मला समजत नाहीये की भिंती फाकल्या तो लेन्सचा दोष होता का माझा, आणि तो लेन्सचा असेल तर कुठली लेन्स तो करत नाही? जरा सविस्तर सांगा कुणीतरी, घाई नाहीये.

कोनाडा

ताई, मी बरीच वर्षं फक्त इंटिरियरच काढतोय, तर सविस्तरच सांगतो. तुमच्या फोटोत तीन गोष्टी बिघडल्या असतील आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. बहुतेक लोक या तिन्हींना मिळून एकच 'डिस्टॉर्शन' म्हणतात आणि मग चुकीची लेन्स घेऊन बसतात.

पहिली म्हणजे भिंती फाकणं. हा लेन्सचा दोष नाही, कुठल्याच लेन्सचा नाही. तुम्ही डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा धरला आणि पलंग यावा म्हणून तो किंचित खाली वाकवला, एवढंच झालंय. सेन्सर भिंतीला समांतर असला तर उभ्या रेषा उभ्याच राहतात, मग लेन्स १० ची असो की १०० ची. खाली वाकवला की खाली निमुळत्या होतात, वर केला की वर निमुळत्या. वाइड लेन्समध्ये थोडंसं वाकवलेलंही खूप दिसतं म्हणून तिच्यावर आळ येतो. उपाय म्हणजे ट्रायपॉड, आणि कॅमेरा खाली आणणं. छातीच्या किंवा कमरेच्या उंचीवर, साधारण १.१ ते १.३ मीटर, तिथून लेन्स अगदी सरळ समोर बघू दे. किचनमध्ये ओट्याच्या थोडं वर ठेवायचा म्हणजे ओट्याचा पृष्ठभाग पातळ का होईना पण दिसतो. बेडरूममध्ये अजून खाली चालतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये ग्रिड लावा आणि दाराची चौकट त्या ग्रिडच्या रेषेवर बसवा, हे करताना पाच मिनिटं गेली तरी जाऊ द्या, बाकी सगळं त्यावर उभं आहे.

दुसरी म्हणजे दिवा अंड्यासारखा होणं. हाही लेन्सचा दोष नाही पण हा टाळताही येत नाही, कारण सरळ रेषा सरळ ठेवायची किंमतच ही आहे. सपाट सेन्सरवर एवढा मोठा कोन पसरवायचा म्हटलं की कडेच्या वस्तू ताणल्या जाणारच. गणित सोपं आहे. फुल फ्रेमवर २४ मिमीला आडव्या फ्रेमच्या डाव्या-उजव्या कडेला असलेला गोल चेंडू १.२५ पट लांबट दिसतो, १६ मिमीला दीडपट. तुमच्या लहान सेन्सरवरची १० म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबाने १६, म्हणजे दीडपट. कोपऱ्यात त्याहून जास्त. महागातली महाग लेन्स लावा, हा आकडा बदलत नाही. म्हणून गोल वस्तू, माणसं, खुर्च्या, कुंड्या कडेला ठेवायच्या नाहीत. कडेला सपाट भिंत, पडदा, दाराची चौकट असलं काहीतरी येऊ द्यायचं, ते ताणलेलं कळत नाही. पलंग लांब दिसला त्याचंही कारण जवळपास हेच, शिवाय त्याची कड लेन्सच्या अगदी जवळ होती.

तिसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही पण असणार, ती म्हणजे छताची पट्टी किंवा दाराची कड फ्रेमच्या टोकाशी धनुष्यासारखी वाकणं. हा मात्र खरा लेन्सचा दोष, बॅरल डिस्टॉर्शन. सॉफ्टवेअरमध्ये त्या लेन्सचं प्रोफाइल (तिच्या दोषांची तयार दुरुस्ती) लावलं की बहुतेक वेळा एका क्लिकमध्ये जातो. फक्त ज्या लेन्समध्ये रेष मिशीसारखी दोनदा वळते तिथे हाताने स्लायडर ओढून काही होत नाही, प्रोफाइलच लागतं, तेव्हा घ्यायच्या आधी प्रोफाइल आहे का बघून घ्या.

आता किती वाइड. तुम्ही आर्किटेक्टकडे आहात तर हे प्लॅनवरच काढून बघा ना. कॅमेरा खोलीच्या मधोमध ठेवलाय असं धरलं तर बाजूच्या भिंती किती अंतरानंतर फ्रेममध्ये यायला लागतात ते काढायचं, खोलीची रुंदी गुणिले फोकल लेंथ (लेन्सचा मिमीचा आकडा) भागिले सेन्सरची रुंदी. तुमचा सेन्सर २२.३ मिमी रुंद. ३ मीटर रुंद खोलीत १८ ला ते अंतर २.४ मीटर येतं, म्हणजे समोरची भिंत तुमच्यापासून ३.२ मीटरवर असेल तर बाजूच्या भिंतींचा फक्त शेवटचा पाऊण मीटर दिसतो. वॉर्डरोब कुठून येणार! १४ ला हेच अंतर १.९ मीटर होतं, १० ला १.३५. म्हणजे १८ वरून १४ वर आलात की दोन्हीकडे अर्धा मीटर भिंत जास्त मिळते आणि १४ वरून १० वर गेलात की आणखी अर्धा मीटर. त्या शेवटच्या अर्ध्या मीटरसाठी तुम्ही ते अंडं आणि तो लांबलचक पलंग पत्करलात. माझं स्वतःचं निम्म्याहून जास्त काम तुमच्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने १३ ते १७ मध्ये होतं, १० ला मी फक्त बाथरूम आणि जिन्यात जातो.

म्हणून माझं मत, १०-१८ घ्या. आपण ट्रायपॉडवर एफ/८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान ठेवून काढतो, तेव्हा ११-१६ चं एफ/२.८ चं मोठं छिद्र पडून राहतं, ते रात्रीच्या आकाशाला किंवा लग्नाच्या हॉलमध्ये कामाचं. १०-१८ चं वजन २४० ग्रॅम आहे, छोट्या ट्रायपॉडवरही हलत नाही. १०-२२ चांगली आहे पण २००४ ची आहे, सेकंडहँड मिळाली आणि नीट तपासता आली तरच. आणि १० ला एफ/८ वर एका मीटरवर फोकस ठेवलात की साधारण ४० सेंटीमीटरपासून थेट खिडकीबाहेरपर्यंत सगळं शार्प येतं, त्यामुळे फोकसची चिंता नको.

झरोका

कोनाडादादांनी सगळंच सांगितलं, मी फक्त बाथरूमबद्दल. तिथे लेन्सपेक्षा तुम्ही स्वतः जास्त जागा खाता. कॅमेरा ट्रायपॉडवर कोपऱ्यात अगदी भिंतीला चिकटवा आणि तुम्ही बाहेर या, ८०डीला वायफाय आहे, फोनवर ॲप घालून तिथून बघा आणि तिथूनच क्लिक करा. डोळा व्ह्यूफाइंडरला लावायचा नसला की कॅमेरा ३० सेंटीमीटर तरी मागे जातो आणि दीड मीटरच्या बाथरूममध्ये ३० सेंटीमीटर म्हणजे लेन्स बदलण्याइतका फरक. दार आतल्या बाजूला उघडत असेल तर बिजागरीची पिन काढून दार उतरवून ठेवायला सांगा, साइटवर सुतार असतोच.

ओळंबा

वरचं सगळं पटतं, फक्त टिल्ट-शिफ्टचा विषय त्यांनी अर्धवट सोडला आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहितो.

कॅमेरा सरळ ठेवा हे ठीक, पण उंच इमारतीसमोर कॅमेरा सरळ ठेवला की क्षितिज फ्रेमच्या बरोब्बर मधे येतं, खालचा अर्धा फोटो म्हणजे नुसता रस्ता आणि वर इमारतीचे शेवटचे मजले कापलेले. ते मजले यावेत म्हणून कॅमेरा वर केला की इमारत मागे पडतेय असं दिसतं. शिफ्ट लेन्स इथे काय करते, तर कॅमेरा सरळच राहतो आणि लेन्स वर सरकते. लेन्सचं वर्तुळ सेन्सरपेक्षा बरंच मोठं असतं, कॅनॉनच्या १७ आणि २४ टीएस-ई (टिल्ट-शिफ्ट) लेन्समध्ये ६७ मिमीच्या आसपास, आणि त्यातला कुठला भाग सेन्सरवर घ्यायचा ते तुम्ही ठरवता. दोन्हीकडे १२-१२ मिमी सरकते. फ्रेमची उंची २४ मिमी, म्हणजे १२ सरकवलं की क्षितिज मधून थेट खालच्या कडेवर! पहिल्यांदा नॉब फिरवताना समोर इमारत खाली उतरत येते आणि तिच्या कडा जराही हलत नाहीत, ते बघताना मला जे वाटलं होतं ते अजून आठवतं.

फिल्मच्या काळात हे काम बेलोज (घडीचा भाता) असलेल्या ४ बाय ५ इंचाच्या व्ह्यू कॅमेऱ्यावर व्हायचं, त्यात पुढचा बोर्ड वर-खाली सरकायचा. आणि त्यावर वाइड म्हणजे ९० मिमीची लेन्स, जी आजच्या फुल फ्रेमच्या हिशेबाने २७ च्या आसपास येते. त्याहून वाइड हवी तर ७५ किंवा ६५, म्हणजे साधारण २२ आणि २०. वास्तुकलेचे किती तरी गाजलेले फोटो याच लेन्सांवर झालेत. १०-१२ मिमीवाले अल्ट्रावाइड झूम नंतर आले आणि आता सगळ्यांना वाटतं की त्याशिवाय खोली काढताच येत नाही.

शिफ्टचा आतमध्येही उपयोग आहे, जो लोक विसरतात. आरसा. समोर आरसा असेल तर तुम्ही बाजूला सरकून उभे राहा, कॅमेरा भिंतीला समांतर ठेवा आणि लेन्स आडवी सरकवा, फोटो समोरून काढल्यासारखाच दिसतो आणि आरशात कॅमेरा येत नाही. दुसरं म्हणजे डावीकडे सरकवून एक, उजवीकडे सरकवून एक, असे दोन फोटो जोडले की २४ च्या लेन्सने १४-१५ एवढी रुंदी मिळते. फक्त जवळ सामान असेल तर लेन्स जागेवर राहून बॉडी सरकायला हवी, त्यासाठी लेन्सला पकडणारी कॉलर मिळते.

पण ताई, तुम्हाला आत्ता घ्या म्हणणार नाही. तुमच्या सेन्सरवर २४ ची लेन्स ३८ सारखी होते आणि १७ ची २७ सारखी, आत काही उपयोग नाही. शिवाय या सगळ्या मॅन्युअल फोकसच्या आणि वजनदार, आणि १७ च्या लेन्सचा पुढचा काच इतका फुगीर आहे की साधा फिल्टरही लागत नाही. फुल फ्रेम घ्याल तेव्हा पहिला विचार २४ शिफ्टचा करा. कॅनॉनची २००९ पासूनची दुसरी आवृत्ती आहे, निकॉनची २४ आणि १९ आहे, आणि नुसतंच शिफ्ट पुरे असेल, टिल्ट नको असेल, तर लाओवाची १५ आणि २० पण आहे.

रंगछटा

मी फोटोग्राफर नाही, इंटिरियर डिझायनर आहे, पण माझ्या कामाचे फोटो दुसऱ्यांकडून काढून घेते म्हणून समोरच्या बाजूने लिहिते. सरांचं वाक्य मला अगदी आतून समजलं. एका शूटमध्ये माझ्या लिव्हिंग रूमचे सगळे फोटो एकदम टोकाच्या वाइडवर काढले गेले. खोली मोठी दिसत होती, खूपच मोठी. सोफा आणि टीव्हीच्या भिंतीमध्ये मी विचार करून करून जे अंतर ठेवलं होतं ते दुप्पट दिसत होतं, समोरचं लाकडी पॅनेलिंग पार लांब जाऊन काडेपेटीएवढं झालं होतं, आणि पुढे सगळीकडे रिकामी टाइल. ज्यांचं घर होतं त्यांनाही ते आपलं वाटेना. त्यातला एकही फोटो मी वापरू शकले नाही.

नंतर दुसऱ्या फोटोग्राफरने त्याच खोलीत मला विचारलं की यात तुम्हाला काय दाखवायचंय. मी म्हटलं पॅनेलिंगचा दगडाशी होणारा सांधा. त्यांनी ३५ च्या आसपासची लेन्स लावली, पॅसेजमध्ये मागे गेले, अर्धा सोफा कापला आणि तो सांधा बरोब्बर मधे आणला. खोली पूर्ण दिसत नाही पण खोली कळते. तेव्हा उंबरठाताई, एका खोलीचा एक वाइड फोटो असू द्या, पण उरलेले तुमच्या १८-५५ वरच काढा, ३० ते ५० मध्ये. ती लेन्स विकू नका.

उंबरठा

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं. कोनाडादादा, ते तीन वेगळे दोष कळल्यावर डोक्यातला गुंता सुटला. ओळंबाकाका, शिफ्टचं वाचून हेवा वाटला पण सध्या ते जमणार नाही. एक शंका आहे. शिफ्ट म्हणजे मोठ्या वर्तुळातला हवा तो तुकडा घेणं असेल, तर मी १० मिमीने सरळ कॅमेऱ्याने मोठा फोटो काढून त्यातला खालचा रस्ता कापून टाकला तर तेच होणार नाही का? का मी काही चुकतेय?

जोतं

अजिबात चुकत नाही आहात, अगदी बरोबर पकडलंत. आणि आकडे इतके नेमके जुळतात की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

फुल फ्रेमवर २४ ची शिफ्ट आडवी धरून १२ मिमी वर सरकवली तर जे दृश्य मिळतं, अगदी तेच दृश्य १६ ची साधी लेन्स उभी धरून, कॅमेरा सरळ ठेवून, फोटोचा फक्त वरचा भाग ठेवल्यावर मिळतं. दृष्टिकोन तोच, उभ्या रेषा तशाच सरळ, कडेचं ताणणंही तेवढंच. कारण १६ म्हणजे २४ चा दोन तृतीयांश आणि फ्रेमची २४ मिमी बाजू म्हणजे ३६ चा दोन तृतीयांश, त्यामुळे उभ्या फ्रेमची रुंदी बरोब्बर जुळते. तुमच्या कॅमेऱ्यावर १० ची लेन्स जवळपास तेच करते.

जातं काय, तर पिक्सेल. ३६ बाय २४ मधला २४ बाय १६ चा तुकडाच उरतो, म्हणजे ४४ टक्के. तुमचे २४ मेगापिक्सेल १०.७ होतात, साधारण ४००० बाय २६६७. ए४ पानाला ३०० डीपीआयने ३५०८ बाय २४८० लागतात, तेवढे आहेत. ऑफिसच्या पोर्टफोलिओला, वेबसाइटला, मासिकात पानभर छापायला पुरे. भिंतीएवढं पोस्टर करायचं असेल तर मात्र शिफ्ट लेन्सच हवी, शिवाय तुम्ही वापरताय तो लेन्सच्या टोकाचा, सगळ्यात कमी शार्प भाग. एफ/८ किंवा एफ/११ वर काढा.

आणि हे कॅमेरा वर करून नंतर सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करण्यापेक्षा मला नेहमी बरं वाटतं. थोडं वर केलेलं सॉफ्टवेअर छान सरळ करतं, पण जास्त वर केलं असेल तर वरचे मजले ओढून ताणावे लागतात, बाजू कापल्या जातात, आणि मजल्यांची उंची हाताने दुरुस्त करावी लागते. तुम्ही ज्या इमारतीचं सेक्शन काढलंय तिचे मजले एकमेकांपेक्षा उंच दिसले तर तुम्हाला ते लगेच खटकेल.

कोनाडा

जोतं, हे मी इतक्या वर्षांत कागदावर कधी मांडलं नव्हतं, करत मात्र रोज होतो. मस्त.

ताई, फुल फ्रेमचं राहिलं होतं. फायदा आहे, पण तो वाइडपणाचा नाही, तो एपीएस-सीवर १० ने भरून निघतो. फायदा म्हणजे अंधाऱ्या कोपऱ्यात जास्त तपशील, आणि शिफ्ट लेन्सांचा खरा उपयोग. एक लक्षात ठेवा की ही १०-१८ कॅनॉनच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही, आणि मिररलेस फुल फ्रेमवर ॲडॉप्टरने बसते पण कॅमेरा आपोआप मधलाच भाग वापरतो. १६-३५ एफ/४ मात्र ८०डीवरही चालते आणि पुढेही चालेल, फक्त ८०डीवर ती २६ पासून सुरू होते, म्हणजे तुमची बेडरूम पुन्हा अडली. पुढच्या कॅमेऱ्यासाठी आजची खोली अडवून ठेवू नका.

सेकंडहँड घेताना एक गोष्ट नक्की करा, वाइड लेन्समध्ये आतला एखादा काच किंचित तिरपा बसलेला असला की एक कोपरा कायम मऊ येतो आणि तो कुठल्याच सॉफ्टवेअरने सुधारत नाही. लांबची एखादी बारीक नक्षी, झाडाची पालवी किंवा खिडकीची जाळी बघा, एफ/५.६ वर ती एकदा मधोमध ठेवून फोकस करा, मग फोकस न हलवता तीच गोष्ट चारही कोपऱ्यात आणून चार फोटो काढा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर चालतं. तीन चांगले आणि एक वाईट असेल तर परत द्या. मी हे न करता एक लेन्स घेतली होती आणि दोन वर्षं प्रत्येक फोटोचा उजवा खालचा कोपरा कापत बसलो.

झरोका

खिडकीबद्दल कुणी बोललंच नाही. वाइड लेन्स म्हटली की फ्रेममध्ये खिडकी येणार आणि आत-बाहेरच्या उजेडात एवढा फरक असतो की एका फोटोत दोन्ही मावत नाही. दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने ३ किंवा ५ फ्रेम काढा, छिद्र तेच ठेवायचं, फक्त शटरचा वेळ बदलायचा, आणि नंतर जोडा. शक्य तर बाहेरचा उजेड उतरत असताना काढा, तेव्हा फरकच कमी असतो. आणि घरातले पिवळे दिवे २७०० केल्विनच्या आसपास असतात आणि बाहेरचा उजेड ५५०० च्या वर, दोन्ही एकत्र आले की पांढरी भिंत एकीकडे निळी आणि एकीकडे पिवळी होते. मी दिवसा सगळे दिवे बंद करून एक सेट काढते, मग दिवे लावून दुसरा, आणि घरी बसून ठरवते.

उंबरठा

आज सुट्टी होती, तर सांगितलेलं सगळं करून बघितलं म्हणून लिहायला आले.

आधी प्लॅन घेतला. ट्रेसिंग पेपरवर तीन त्रिकोण कापले, १८ चा साधारण ६३ अंशांचा, १४ चा ७७ आणि १० चा ९६. प्लॅनवर ठेवून दारातून, कोपऱ्यातून, मधोमध असे फिरवत बसले. तासाभरात कळलं की आमच्या त्या फ्लॅटमधल्या सात फोटोंपैकी पाच १३ ते १५ मध्ये बसतात. बेडरूममध्ये कॅमेरा दाराबाहेर पॅसेजमध्ये ठेवला तर १४ लाच वॉर्डरोब आणि खिडकी दोन्ही येतात. हे त्या दिवशी सुचलंच नव्हतं कारण १० होतं ना हातात. फक्त बाथरूमला १० लागतं.

मग ती लेन्स पुन्हा मागून आणली आणि साइटवर गेले. कॅमेरा १.२ मीटरवर, एफ/८, पॅसेजमधून १४ ला. गोल दिवा मधल्या भागात घेतला आणि उजव्या कडेला पडदा येऊ दिला. ओळंबाकाका, तुमच्या नावावरून सुचलं आणि साइटवरचा खराखुरा ओळंबाच घेऊन गेले, दाराच्या चौकटीला खिळ्यावर टांगला आणि स्क्रीनवरच्या ग्रिडची रेष त्याच्या दोरीवर बसवली. दोरी बसली, वॉर्डरोबची कड बसली, खिडकीची चौकट बसली, पण दाराच्या चौकटीचा उजवा खांब काही केल्या बसेना. तीनदा कॅमेरा काढून पुन्हा लावला. शेवटी पट्टी घेऊन मोजलं तर वरच्या टोकाला चौकट दोरीपासून ८ मिलिमीटर आणि खाली १४.

१०-१८ ची ऑर्डर दिलीय. आणि उद्या सकाळी सुताराला बोलावलंय.

ओळंबा

सहा मिलिमीटर! त्याला सांगा बिजागरीच्या बाजूने पण तपासायला, तिकडे पण तेवढंच असणार. बाथरूमचे १० वाले फोटो झाले की इथे टाका, आरशाचं कसं जमवलंत ते बघायचंय.